घरधनी आणि तारतंत्री

विजेचा दिवा घरांत येण्यापूर्वीं दिवेलागणीची एक ठराविक वेळ असे आणि तिच्या आधीं उरकावयाचें एक ठराविक कामही असे. कंदिलाची कांच राखेनें पुसावयाची, काजळलेली वात कातरावयाची, घासलेट ओतावयाचें आणि कांचेस तडा गेला असेल तर त्यावर कागदाची पट्टी डकवावयाची. हें सर्व घरांतल्या बायका आणि मुलें रोज करीत. त्यासाठीं एकाद्या कारागिरास बोलावणें धाडावें, ही कल्पना कोणास सुचलीही नसती. दिवा घरचा, त्याचें दुखणें घरचें आणि औषधही घरचेंच.

ठाणें जिल्ह्यांतील भिवंडी गांवीं या घरच्या दिव्याशेजारीं आणखी एक घरची वस्तु होती. ती म्हणजे हातमाग. १८५७ च्या उठावानंतरच्या काळांत उत्तर हिंदुस्थानांतून आलेल्या मोमीन विणकरांनीं येथें वस्ती केली, आणि कामवारी नदीच्या कांठच्या या गांवांत मागाचा खटखटाट घरोघर ऐकूं येऊं लागला. खड्ड्यांत पाय सोडून बसलेला विणकर हातानें धोटा फेंकी, पायानें पावडी दाबी, ताण्याचा धागा तुटला तर जागच्या जागीं गांठ मारी आणि फणीचा दात वांकला तर तो सरळ करी. माग आजारी पडला कीं विणकरच त्याचा वैद्य होई. या वैद्यकींत एक मोठी सोय होती. हातून चूक झाली तर ती लागलीच कापडांत उतरे. सुटलेला धागा, सैल वीण, विरळ पोत हीं डोळ्यांस दिसत आणि बोटांस लागत. विणकर जीभ चावी, तेवढा भाग उसवी आणि पुनः विणी.

घरची वस्तु घरींच नीट करावी, हा संस्कार ज्या गांवांत असा मुरलेला होता त्या गांवांत पुढें वीज आली. विजेचें बिघडलेलें काम घरधन्यानें स्वतः करावें कीं जाणत्या माणसास बोलवावें, हा आज घरोघर उभा राहणारा प्रश्न तेथूनच सुरू झाला.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटांत विजेचे दिवे लागले ते १८८२ सालीं. पण तो उद्योग फार दिवस टिकला नाहीं. १९०५ सालीं बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी निघाली, आणि ७ मे १९०७ रोजीं विजेची ट्राम मुंबईच्या रस्त्यावरून धांवली. सह्याद्रीच्या माथ्यावरचें पावसाचें पाणी तलावांत अडवावयाचें, तें नळांतून घाटाच्या पायथ्याशीं सोडावयाचें आणि त्याच्या जोरावर वीज काढावयाची, ही टाटांची योजना १९१५ सालीं खोपोली येथें फळास आली. पाठोपाठ १९२२ सालीं भिवपुरी आणि १९२७ सालीं भिरा येथील केंद्रें सुरू झालीं. मुंबईच्या गिरण्या या पाण्याच्या विजेवर फिरूं लागल्या.

भिवंडींत वीज आली ती या लाटेच्या मागोमाग, १९२० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत. त्यापुढील दशकांत हातमागाच्या जागीं यंत्रमाग बसूं लागले. या बदलाच्या संबंधांत खानसाहेब समद शेठ या व्यापाऱ्याचें नांव घेतलें जातें. मुंबईच्या गिरण्यांनीं मोडींत काढलेले माग विकत आणून ते येथील छपरांखालीं उभे करण्यांत आले. वीज या गांवांत नुसता उजेड घेऊन आली नाहीं. ती पोटाचा धंदाही घेऊन आली. त्यामुळें तिच्याविषयीं येथें भीति कमी आणि सलगी अधिक, असें होणें स्वाभाविकच होतें.

त्या काळची घरांतली तारजोडणी पाहण्यासारखी असे. तांब्याच्या तारेवर रबराचें वेष्टण, त्यावर सुताची वीण, आणि अशा दोन तारा लांकडी पट्टीच्या दोन खांचांतून नेऊन वर पातळ झांकणपट्टी ठोकलेली. भिंतीवर सागवानी गोल ठोकळा, त्यावर पितळी टोपीचें बटण. दाराजवळच्या फळीवर चिनी मातीचे फ्यूज. जोडणी करणारा वायरमन हातोडी, पटाशी आणि पेंचकस घेऊन येई, आणि घरांतील मंडळी त्याच्याभोंवतीं कौतुकानें जमत. काम संपलें, दिवे लागले आणि तो निघून गेला कीं, पुढें त्या तारांचें काय होतें याची विचारपूस सहसा कोणी करीत नसे. रबराचें आयुष्य मात्र ठरलेलें. उष्णतेनें तें वाळतें, ठिसूळ होतें, आणि झांकणपट्टीच्या आड, कोणाच्याही नजरेस न पडतां, गळून पडतें.

फ्यूज, म्हणजेच वितळतार, ही घरधन्याची विजेशीं झालेली पहिली खरी ओळख. एडिसननें १८९० सालीं अमेरिकेंत अशा साधनाचें पेटंट घेतलें होतें. तिच्यामागची कल्पना साधी आहे. विजेच्या मार्गांत एक जागा मुद्दाम दुबळी ठेवावयाची. प्रवाह मर्यादेबाहेर वाढला कीं तेथली बारीक तार वितळते, मार्ग तुटतो आणि भिंतींतली तार वांचते. ५ अँपिअरच्या मार्गास कलई केलेल्या तांब्याची सुमारें ०·२ मिलिमीटर जाडीची तार लागते. १५ अँपिअरच्या मार्गास सुमारें ०·५ मिलिमीटर जाडीची. मुख्य बटण बंद करावें, चिनी मातीची पकड ओढून काढावी, जळालेली तार काढून त्याच जाडीची नवी बांधावी आणि पकड परत बसवावी. हें काम शहाण्या गृहस्थास सहज जमण्यासारखें आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या गृहस्थ तें करीत आले आहेत.

परंतु पहिला मोह याच कामांत लपलेला होता. फ्यूज वरचेवर जाऊं लागला कीं तार फार बारीक आहे असें निदान होई, आणि तिच्या जागीं जाड तार, प्रसंगीं हातास लागेल तो तारेचा तुकडा, बांधला जाई. दिवे लागत आणि घरांत समाधान पसरे. पण प्रवाहामुळें तारेंत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हा जूल या शास्त्रज्ञानें एकोणिसाव्या शतकांत दाखवून दिलेला नियम आहे. ५ अँपिअरच्या बेतानें घातलेल्या तारेंतून १५ अँपिअर वाहूं लागले तर उष्णता तिप्पट वाढून थांबत नाहीं, ती नऊपट होते. जी ठिणगी चिनी मातीच्या डबींत विझून जावयाची, तिला भिंतींत जागा करून दिली जाते.

दुसरा गैरसमज याहूनही घातक. फ्यूज माणसाचा जीव वांचवितो, अशी अनेकांची समजूत असते. २३० व्होल्ट दाबावर ४० वॅटचा साधा दिवा सुमारें १७० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाच्या छातींतून ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह क्षण दोन क्षण गेला तरी हृदयाची गति बिघडून मृत्यु ओढवूं शकतो. म्हणजे एका लहानशा दिव्यास जेवढा प्रवाह लागतो, त्याहून कमी प्रवाह माणसास मारावयास पुरेसा आहे. आणि ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाहीं. फ्यूज हा तारेचा रखवालदार. माणसाची राखण त्याच्याकडे कधींच सोंपविलेली नव्हती.

चूक कशी लपून राहते याचें एक उदाहरण घेण्यासारखें आहे. घरांतल्या दिव्याकडे जाणाऱ्या दोन तारांपैकीं एक फेजची आणि दुसरी न्यूट्रलची. बटण फेजच्या तारेवर असलें पाहिजे. एकाद्या हौशी माणसानें तें न्यूट्रलवर जोडलें, तर काय होतें? बटण दाबतांच दिवा लागतो. पुनः दाबतांच विझतो. काम बिनचूक झालें असें सर्वांस वाटतें. पण विझलेल्या दिव्याच्या होल्डरांत फेज जागीच असते. कांहीं वर्षें लोटतात. एके दिवशीं घरांतलें दुसरेंच कोणी माणूस, बटण बंद केलें आहे या भरंवशावर, स्टुलावर चढून दिवा बदलावयास जातें आणि त्याचें बोट होल्डरांतल्या खिळीस लागतें. चूक एकानें केलेली, मधल्या काळांत ती कोणासच न दिसलेली, आणि तिचें मोल मोजावें लागलें दुसऱ्यासच.

माग आणि वीज यांतला खरा भेद येथें आहे. मागावरची चूक करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणि त्याच क्षणीं प्रकट होते, आणि तिचें नुकसान त्याच्याच पदरीं पडतें. विजेची चूक काम यशस्वी झाल्याच्या थाटांत वावरते. दिवा लागला एवढ्यावरून जोडणी बरोबर ठरत नाहीं. घरधन्याच्या हातांत कसब आहे कीं नाहीं हा प्रश्न त्यामुळें दुय्यम होतो. भिवंडीच्या विणकराच्या हातांत कसबाची वाण कधींच नव्हती. आपली चूक आपणांस दिसेल काय, हा प्रश्न त्याच्याही आधींचा आहे.

कायद्यानें हा धोका लवकर ओळखला. हिंदुस्थानांतील विजेचा पहिला कायदा १८८७ सालचा. माणसांचें आणि मालमत्तेचें विजेपासून रक्षण व्हावें, हाच त्याचा मुख्य हेतु होता. पुढें १९०३ चा आणि त्यानंतर १९१० चा कायदा आला. या शेवटच्या कायद्याच्या आधारें १९५६ सालीं भारतीय वीज नियम करण्यांत आले. त्यांतील ४५ वा नियम म्हणजे प्रस्तुत प्रश्नास दिलेलें उत्तरच होय. विजेच्या जोडणींतील नवीन काम, वाढ, फेरफार किंवा दुरुस्ती ही परवाना असलेल्या ठेकेदारानेंच, प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीं आणि परवानापत्र असलेल्या कामगाराच्या हातून करवावी, असें त्यानें ठरविलें. पण त्याच वाक्यांत एक अपवादही ठेवला. दिवे, पंखे, फ्यूज, बटणें, घरगुती उपकरणें आणि त्यांचे सुटे भाग बदलण्यास मोकळीक दिली. मात्र त्या बदलानें जोडणीची क्षमता किंवा तिचें स्वरूप कोणत्याही प्रकारें पालटतां कामा नये, ही अट घातली. १९५६ चे नियम मागें पडून २०१० सालीं केंद्रीय वीज प्राधिकरणाचे विनियम आले, आणि त्यांच्या जागीं २०२३ चे आले. पण ही रेषा त्यांतही कायम राहिली आहे.

क्षमता आणि स्वरूप हे दोन शब्द घरधन्यानें पाठ करून ठेवावेत अशा योग्यतेचे आहेत. ५ अँपिअरचें बटण मोडलें आणि त्या जागीं तसलेंच बसविलें, तर ती बदली झाली. त्याच तारेवर पाणी तापविण्याचें उपकरण जोडलें, तर क्षमतेशीं खेळ झाला. दिव्याच्या तारेंतून फांटा काढून दुसऱ्या खोलींत नेला, तर स्वरूप पालटलें. पहिलें काम घरधन्याच्या हद्दींतलें. पुढचीं दोन्ही त्या हद्दीबाहेरचीं. वर सांगितलेली न्यूट्रलची चूकही नियम करणाऱ्यांच्या ध्यानीं होती. एकट्या न्यूट्रल तारेवर बटण किंवा फ्यूज बसविण्यास ३२ व्या नियमानें स्पष्ट मनाई केली होती.

मग तारतंत्र्याजवळ असें काय असतें, जें घरधन्याजवळ नाहीं? औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून तारतंत्री आणि वीजतंत्री हे दोन निरनिराळे व्यवसाय दोन दोन वर्षें शिकविले जातात. त्या शिक्षणाचें सार तार जोडण्यांत नाहीं, तें तपासण्यांत आहे. मेगर नांवाच्या यंत्रानें ५०० व्होल्टचा दाब देऊन तारेच्या वेष्टणाचा रोध मोजतां येतो; तो १ मेगओहमहून कमी भरतां कामा नये, असा १९५६ च्या नियमांचा दंडक होता. झांकणपट्टीच्या आड गळलेलें वेष्टण डोळ्यांस दिसत नाहीं. मेगरच्या कांट्यास तें दिसतें. न दिसणारी चूक दृष्टीस आणून देण्याचें साधन आणि तें वापरण्याची शिस्त, यांच्यासाठींच तारतंत्र्यास मेहनताना द्यावयाचा असतो. चालू जोडणीची तपासणी पांच वर्षांहून अधिक काळ लांबूं नये, असेंही त्या नियमांत सांगितलें होतें. वस्तुतः किती घरांत ती होते, याचा विचार ज्यानें त्यानें आपल्या घरापुरता करावा.

भिवंडींत या सर्व प्रश्नास एक निराळी धार आहे. खालीं माग आणि माळ्यावर संसार, अशी राहण्याची रीत येथें जुनी. कारखान्यास तीन फेजची वीज लागते. दोन फेजमधला दाब सुमारें ४०० व्होल्ट, तर फेज आणि न्यूट्रल यांमधला २३० व्होल्ट. अशा जोडणींत न्यूट्रलची तार मध्येंच तुटली तर वरच्या संसारांतल्या दिव्यांना आणि उपकरणांना २३० हून कितीतरी अधिक दाब मिळून तीं जळूं शकतात. सुताची तरंगणारी धूळ बटणांवर आणि मोटारींवर बसते, आणि सैल जोडाची एक ठिणगी तिला पेटवावयास पुरते. मागाच्या दांत्यांची आणि पट्ट्यांची नाडी ओळखणारा जॉबर मोटारीच्या तारेसही त्याच विश्वासानें हात घालतो. त्याचा विश्वास समजण्यासारखा आहे. पण एका विद्येचा अधिकार दुसऱ्या विद्येंत चालत नाहीं.

गांव वाढलें. १९८२ च्या गिरणी संपानंतर यंत्रमागांकडे आणखी काम वळलें, आणि मागांची संख्या लाखांत गेली. १९६० सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाचें २००५ सालीं विभाजन होऊन वितरणाचें काम महावितरण कंपनीकडे आलें. त्या सुमारास भिवंडींत पुरविलेल्या विजेपैकीं निम्म्याहून अधिक विजेचे पैसेच हातीं येत नव्हते. कांहीं गळती, कांहीं थकबाकी आणि कांहीं उघड आंकडे टाकून केलेली चोरी. अखेर २६ जानेवारी २००७ पासून येथील वितरण टोरेंट पॉवर या कंपनीकडे फ्रँचायझीच्या रूपानें सोंपविण्यांत आलें. देशांत असा प्रयोग प्रथम झाला तो भिवंडींतच. मीटरपर्यंतच्या तारा कोणाच्या सांभाळांत असाव्यात, हा वाद त्यानें एका प्रकारें सोडविला. मीटरच्या अलीकडील तारांचा सांभाळ मात्र तेव्हांही घरधन्याकडेच होता आणि आजही त्याच्याकडेच आहे.

घरधन्याचें म्हणणेंही ऐकून घेतलें पाहिजे. जाणता माणूस वेळेवर येत नाहीं. आलाच तर लहानशा कामाचे दाम अधिक मागतो. आणि हातांत पेंचकस धरणारा जो तो स्वतःस वायरमन म्हणवितो. हीं तिन्ही गाऱ्हाणीं खरीं आहेत. महिन्याच्या पगारावर संसार ओढणाऱ्यास, किंवा मागावरच्या मजुरीवर पोट भरणाऱ्यास, अर्ध्या तासाच्या कामाचे पैसे जड वाटतात यांत नवल नाहीं. पण या गाऱ्हाण्यांवरचा उपाय अनाडी हात हा नव्हे. बोलावलेल्या माणसाचें परवानापत्र मागून पाहण्यास कोणी संकोच करूं नये; खरा तारतंत्री तें दाखवितांना रागावणार नाहीं. आणि लहान कामें सांठवून एकदांच करून घेतलीं तर खर्चही आटोपशीर राहतो.

घरधन्याच्या वांट्यासही कांहीं कमी कामें येत नाहींत. मुख्य बटण कोठें आहे हें घरांतल्या लहानथोरांस ठाऊक असावें. दिवा बदलावयाचा तर आधीं तें मुख्य बटण बंद करावें. नुसत्या भिंतीवरच्या बटणावर विसंबूं नये, हा धडा वरील उदाहरणानें दिलाच आहे. तीन खिळींच्या प्लगाची जाड, लांब खिळी मोडून तो दोन भोंकांत घुसविण्याची खोड कोणास असेल तर ती सोडावी. ती खिळी लांब ठेवलेली असते, ती अर्थिंगची जोड सर्वांआधीं लागावी आणि सर्वांनंतर सुटावी म्हणून. ह्यूगो श्टोट्झ या जर्मन अभियंत्यानें १९२४ सालीं पेटंट घेतलेल्या, आपोआप पडणाऱ्या बटणाची, म्हणजे एम. सी. बी. ची, गोष्टही फ्यूजसारखीच. तें पुनः पुनः पडूं लागलें तर त्याचा राग न करतां कारण शोधावयास माणूस बोलवावा. आणि जाणाऱ्या व येणाऱ्या प्रवाहांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडतांच मार्ग तोडणारें, आर. सी. सी. बी. नांवाचें साधन तारतंत्र्याकडून बसवून घ्यावें. फ्यूजला जी राखण कधीं जमली नाहीं, ती माणसाची राखण हें साधन करतें. त्यावरची तपासणीची कळ मधून मधून दाबून तें जिवंत आहे ना हें पाहणें, हें काम पुनः घरधन्याचेंच. कोंकणच्या पावसाळ्यांत ओल भिंतींत उतरते. त्या दिवसांत नळास किंवा शीतपेटीस हात लावतांच मुंग्या आल्या, तर त्याची चेष्टा करून सोडून देऊं नये. तो भिंतीनें धाडलेला निरोप असतो.

भिवंडीच्या कारखान्यांत विजेचा धक्का बसलेल्या माणसास शुद्धीवर कसें आणावें, याच्या सूचना स्थानिक भाषेंत टांगाव्या, असा नियम १९५६ पासून होता. घरांत असा फलक कोणी लावीत नाहीं. म्हणून एवढें तरी ध्यानांत असावें कीं, विजेस चिकटलेल्या माणसास हात लावण्यापूर्वीं मुख्य बटण बंद करावयाचें असतें, आणि तें जवळ नसेल तर कोरड्या लांकडानें त्यास तारेपासून दूर सारावयाचें असतें. प्रेमानें धांवून जाणाराच अशा वेळीं दुसरा बळी ठरतो.

कंदिलाची कांच पुसणाऱ्या आईनें वात नीट कातरली कीं नाहीं, हें त्याच संध्याकाळीं ज्योत सांगे. विणकराची गांठ पक्की बसली कीं नाहीं, हें त्याच घटकेस कापड सांगे. विजेची तार असें कांहींच सांगत नाहीं. ती वर्षानुवर्षें मुकी राहते आणि मग एकदांच बोलते, तेंही बहुधा चूक करणाऱ्याशीं नव्हे. पेंचकस हातीं घेण्यापूर्वीं घरधन्यानें आपल्या कौशल्याचा हिशेब करावा, पैशाचाही करावा. पण सर्वांआधीं, आपण जोडलेल्या या तारेखालीं उद्यां कोण उभें राहणार आहे, त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा.